क्षयरोगाचा उपचार आणि रक्तातील साखर
(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



क्षयरोग पूर्ण बरा होतो, हे वाक्य आज खेड्यापाड्यांतील भिंतींवर लिहिलेले आढळते आणि ते खरेही आहे. नेमाने सहा महिने औषध घेणारे बहुसंख्य रुग्ण बरे होतात, पुन्हा शेतावर जातात, संसाराला लागतात. परंतु औषध वेळेवर मिळाले, रुग्णाने ते चुकवलेही नाही आणि तरीही पहिल्या दोन महिन्यांतच तो दगावला, किंवा बरा होऊन वर्ष-दीड वर्षातच त्याच्या बेडक्यात पुन्हा जंतू सापडले, अशी उदाहरणे प्रत्येक तालुक्यात असतात. अशा वेळी दोष औषधाला दिला जातो, नशिबाला दिला जातो, पुष्कळदा रुग्णालाच दिला जातो. त्याच्या रक्तातील साखर कोणी तपासली होती काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. आजच्या भाषणाचा विषय हाच प्रश्न आहे.

क्षयरोगाच्या उपचाराचा इतिहास भारतापुरता पाहिला तरी १९५९ हे साल मोलाचे ठरते. त्यापूर्वी क्षयरोगी म्हटला की त्याला आरोग्यधामात पाठवावयाचे, मोकळी हवा, विश्रांती आणि दूध-अंडी द्यावयाची, ही रीत होती. मद्रास येथे १९५६ साली स्थापन झालेल्या क्षयरोग रसायनोपचार केंद्राने गरीब वस्तीतील रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला आरोग्यधामात ठेवून आणि दुसऱ्याला घरीच ठेवून, दोघांनाही सारखेच औषध दिले. घरी राहिलेले रुग्ण आरोग्यधामातील रुग्णांच्या जवळजवळ बरोबरीने बरे झाले आणि त्यांच्या घरच्या मंडळींनाही त्यामुळे अधिक बाधा झाली नाही, हे १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी दाखवून दिले. घरच्या गटातील माणसे दाटीवाटीच्या खोल्यांत राहत होती, त्यांचा आहारही निकृष्ट होता. तरीही औषधाने काम केले. १९६२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाची उभारणी याच अनुभवावर झाली.

तेव्हापासून रुग्णाचे घर हेच त्याचे रुग्णालय झाले आहे. हा फार मोठा लाभ होता, यात शंका नाही. पण त्याबरोबरच एक जबाबदारीही घराकडे आली. रुग्णाला दुसरा एखादा आजार असेल, तर तो ओळखण्यास आणि सांभाळण्यास घरात डॉक्टर नसतो, परिचारिका नसते. असतात ती घरची माणसे, गावातील आशा कार्यकर्ती आणि शेजारीपाजारी. साठ वर्षांपूर्वी या दुसऱ्या आजारांत मधुमेहाची गणना फारशी होत नसे, कारण तो शहरातील सुखवस्तू माणसांचा आजार समजला जाई. आता ती समजूत टिकण्यासारखी राहिलेली नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले आकडे पाहिले, तर देशात मधुमेह असलेल्या व्यक्तींची संख्या दहा कोटींच्या पुढे, म्हणजे प्रौढांमध्ये शेकडा ११.४ इतकी आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत. एकाच देशात हे दोन आजार एवढ्या मोठ्या प्रमाणावर नांदत असतील, तर ते एकाच घरात आणि एकाच देहात एकत्र येणार, हे उघडच आहे.

हे नाते वैद्यकाला नवे नाही. इन्शुलिनचा शोध लागण्यापूर्वी मधुमेह्याचा अंत पुष्कळदा क्षयाने होत असे, हे जुन्या वैद्यांनी नोंदवून ठेवले आहे. बोस्टन येथील डॉ. हॉवर्ड रूट यांनी १९३४ साली या दोन आजारांच्या संबंधावर सविस्तर लिहिले. पुढे क्षयावर प्रभावी औषधे आली आणि मधुमेहावरही आली. दोन्ही आजार आटोक्यात आले असे वाटू लागले आणि हा विषय मागे पडला. तो पुन्हा ऐरणीवर आला, तो या शतकाच्या पहिल्या दशकात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक समीक्षेत, मधुमेही व्यक्तीला क्षयरोग होण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे तिप्पट असते, असा निष्कर्ष निघाला. उपचाराच्या फलिताविषयीची समीक्षा २०११ साली आली. तीत तेहतीस अभ्यासांचा मेळ घातलेला होता. क्षयरोगावर उपचार चालू असताना मृत्यू येण्याचा धोका मधुमेही रुग्णांत सुमारे १.९ पट आढळला. ज्या अभ्यासांत वय आणि अन्य कारणांचा हिशेब वेगळा केलेला होता, त्यांत तर तो पाचपटीच्या जवळ गेला. उपचार पूर्ण झाल्यावर रोग उलटण्याचा धोका जवळजवळ चौपट होता.

हे आकडे ऐकून घाबरून जाण्याचे कारण नाही. धोका दुप्पट झाला म्हणजे प्रत्येक मधुमेही क्षयरोगी दगावतो, असा अर्थ होत नाही. त्यांच्यातीलही बहुतेक बरेच होतात. पुण्यात झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. त्यात उपचाराची एकूण फलिते मधुमेही आणि मधुमेह नसलेल्या रुग्णांत फारशी वेगळी आढळली नाहीत. मात्र उपचाराच्या सुरुवातीच्या काळातील मृत्यू मधुमेह्यांत ठळकपणे अधिक होते. या निष्कर्षाचा कामकाजाच्या दृष्टीने अर्थ असा की, धोका सहा महिन्यांवर सारखा पसरलेला नसून पहिल्या काही आठवड्यांत एकवटलेला आहे. म्हणूनच साखर तपासावयाची ती पहिल्याच आठवड्यात. तिसऱ्या महिन्यात केलेली तपासणी ही पुष्कळदा कागद पूर्ण करण्यापुरतीच उरते.

भारतात किती क्षयरुग्णांना मधुमेह असतो, याची पद्धतशीर मोजणी २०१२ साली झाली. देशातील आठ मोठी रुग्णालये आणि साठांहून अधिक प्राथमिक आरोग्य केंद्रे यांत ८,२६९ क्षयरुग्णांची साखर तपासण्यात आली. त्यांपैकी शेकडा १३ जणांना मधुमेह निघाला. शेकडा ८ जणांना तो आधीपासून ठाऊक होता. उरलेल्या शेकडा ५ जणांना आपल्याला हा आजार आहे याची कल्पनाच नव्हती. दक्षिणेत हे प्रमाण शेकडा २० होते, तर उत्तरेत १०. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या तमिळनाडूतील पाहणीत चारांपैकी एका क्षयरुग्णाला मधुमेह आढळला. केरळमधील ५५२ रुग्णांच्या पाहणीत तर हे प्रमाण शेकडा ४४ पर्यंत गेले आणि त्यांतील जवळजवळ निम्म्यांचे निदान त्या पाहणीतच प्रथम झाले. प्रांताप्रांतांत एवढा फरक असल्यामुळे आपल्या जिल्ह्यात किती रुग्ण असतील, हे दुसऱ्याच्या आकड्यावरून ठरवता येत नाही. त्यासाठी आपल्याच रुग्णांच्या बोटाचा थेंब घ्यावा लागतो.

साखर वाढल्याने क्षयाचे जंतू का बळावतात? फुप्फुसात शिरलेल्या जंतूला गिळून कोंडून ठेवण्याचे काम शरीरातील संरक्षक पेशी करतात. रक्तात दीर्घकाळ साखर अधिक राहिली की या पेशी मंदावतात, जंतू आल्याचा इशारा उशिरा पोहोचतो आणि तोपर्यंत जंतूंची संख्या वाढून बसते. अशा रुग्णाच्या फुप्फुसात जंतूंचा भार जास्त असतो, क्षकिरण चित्रात पोकळ्या अधिक दिसतात आणि बेडका जंतुरहित होण्यास अधिक काळ लागतो, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. शिवाय क्षयाची छाया एरवी फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसते. मधुमेह्यांत ती कधी कधी खालच्या भागात असते आणि मग तिची गणना साध्या न्युमोनियात होऊन काही आठवडे वाया जातात.

लक्षणांची गल्लत तर याहून अधिक घात करते. वजन घटणे, थकवा, अंगात कसर असल्यासारखे वाटणे ही दोन्ही आजारांत आढळणारी लक्षणे आहेत. ज्याला मधुमेह असल्याचे ठाऊक आहे, तो माणूस वाळू लागला की घरचे म्हणतात, शुगर वाढली असेल. ज्याला क्षय असल्याचे ठाऊक आहे, तो वाळू लागला की म्हणतात, टी. बी. आहे, चालायचेच. एका आजाराच्या आडोशाला दुसरा बसलेला असतो. रात्री चारचार वेळा उठावे लागणे, सारखी तहान लागणे, जखम न भरणे या गोष्टी रुग्ण आपण होऊन सांगत नाही, कारण त्यांचा खोकल्याशी संबंध असेल असे त्याला वाटतच नाही. विचारणाऱ्यानेच त्या विचारावयाच्या असतात.

तपासणी सोपी आहे. क्षयरोगाचे निदान झालेल्या प्रत्येक रुग्णाची रक्तशर्करा तपासावी, असे राष्ट्रीय कार्यक्रमाचे धोरण आहे आणि या दोन आजारांच्या संयुक्त कार्याची राष्ट्रीय रूपरेषा २०१७ साली प्रसिद्धही झालेली आहे. उपाशीपोटी केलेल्या तपासणीत साखर १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक असणे, अथवा लक्षणे असताना कोणत्याही वेळी ती २०० किंवा त्याहून अधिक असणे, ही मधुमेहाची खूण समजली जाते. मागील तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही तपासणीही आहे आणि तिची मर्यादा ६.५ आहे. परंतु क्षयरुग्णांत रक्तक्षय पुष्कळ असतो आणि रक्तक्षय असताना त्या आकड्यावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कोणत्याही तीव्र आजारात शरीरावर ताण पडून साखर तात्पुरती वाढते. क्षयाचा जोर ओसरल्यावर ती आपोआप उतरूही शकते. म्हणून सुरुवातीला साखर थोडी वाढलेली दिसली की माणसावर जन्मभराच्या मधुमेहाचा शिक्का मारू नये. त्याचबरोबर तिच्याकडे दुर्लक्षही करू नये. उपचार चालू असताना आणि तो संपल्यावर तपासणी पुन्हा करावी, हाच यातील मार्ग होय.

आता औषधांकडे वळावयाचे. पहिले दोन महिने चार औषधे आणि नंतरचे चार महिने तीन औषधे, अशी संवेदनक्षम क्षयरोगाची योजना आहे. २०१७ पासून ती देशभर रोज एकदा याप्रमाणे दिली जाते. या चौघांत रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध होय. लघवी नारिंगी करते ते हेच. हे औषध यकृतातील काही रसायनांना असे चेतवते की, दुसरी काही औषधे शरीरातून नेहमीपेक्षा लवकर बाहेर पडतात. मधुमेहावरील ग्लिबेनक्लॅमाइड, ग्लिमेपिराइड यांसारख्या गोळ्या त्यांतल्याच आहेत. परिणाम असा होतो की, जो रुग्ण वर्षानुवर्षे ग्लिमेपिराइडची एक गोळी घेऊन ठीक होता, त्याची साखर क्षयाचे औषध सुरू झाल्यावर त्याच गोळीने आवरत नाही. तो गोळी चुकवत नसतो, पथ्यही पाळत असतो. तरी आकडा चढतो आणि डॉक्टर विचारतात, काय खाल्लेत? रुग्णाला आपल्यावर आळ आल्यासारखे वाटते. काही जण दवाखान्यात येणेच सोडतात, तर काही जण क्षयाच्या गोळ्यांनी शुगर वाढते असा निष्कर्ष काढून त्या गोळ्याच बंद करतात. या दुसऱ्या निष्कर्षात तथ्याचा अंश असतो, हीच खरी अडचण आहे. रुग्णाला ही गोष्ट पहिल्या दिवशीच समजावून सांगितली, तर पुढचा गैरसमज टळतो.

मेटफॉर्मिन या गोळीला हा अडथळा फारसा येत नाही. आजार तीव्र असेल, साखर फार चढलेली असेल, तर काही काळ इन्शुलिन द्यावे लागते. खेड्यात इन्शुलिनविषयी एक भीती घर करून बसली आहे. सुई लागली म्हणजे माणूस शेवटाला आला, असे समजले जाते. वस्तुस्थिती अशी की, क्षयाच्या पहिल्या महिन्यांत इन्शुलिनने भूक सुधारते, वजन धरते आणि आजार ओसरल्यावर पुष्कळांना ते थांबवून पुन्हा गोळ्यांवर आणता येते. हे रुग्णाच्या घरी कोणीतरी विश्वासातील माणसाने सांगावे लागते. छापील पत्रकाने हे काम होत नाही.

इतर औषधांच्या बाबतीतही जपावे लागते. आयसोनियाझिडमुळे हातापायांना मुंग्या येऊ शकतात आणि मधुमेहामुळेही येतात. दोन्ही असले की त्रास लवकर होतो, म्हणून ‘ब-६’ जीवनसत्त्वाची छोटी गोळी जोडीला देतात आणि तीही चुकवावयाची नसते. इथॅम्ब्युटॉलचा क्वचित दृष्टीवर परिणाम होतो, लाल-हिरव्याचा भेद कळेनासा होतो. मधुमेहात डोळ्यांचा पडदा आधीच दुर्बल झालेला असू शकतो. अशा रुग्णाला धूसर दिसू लागले तर मोतीबिंदू असेल म्हणून थांबू नये, लगेच दाखवावे. आयसोनियाझिड, पायराझिनामाइड आणि मेटफॉर्मिन यांनी पोटात मळमळ होते. दोन आजारांच्या मिळून रोज सात-आठ गोळ्या गिळणाऱ्या माणसाच्या मळमळीला नखरे म्हणू नये.

यानंतरचा विषय आहाराचा. येथे डॉक्टरांपेक्षा घरचे आणि गावचे लोक अधिक काही करू शकतात आणि सर्वांत अधिक घोटाळाही येथेच होतो. क्षयरोग्याला भरपूर खायला घाला, असे सर्वजण सांगतात. त्याप्रमाणे घरातील बाई जीव तोडून शिरा करते, तूप-साखर-पोळी देते. भेटायला येणारे ग्लुकोजची पुडी, बिस्किटे, केळी, फळांचा रस आणतात. दुसरीकडे मधुमेहाच्या दवाखान्यातून येताना कागदावर लिहून मिळते की साखर बंद, गूळ बंद, भात कमी, बटाटा कमी, पोटभर खाऊ नये. एकाच माणसाच्या उशाशी हे दोन कागद असतात. कोणता पाळावयाचा, हे त्याला कळत नाही. बहुधा तो काही दिवस एक पाळतो आणि काही दिवस दुसरा.

दोन्ही कागद एकत्र वाचले तर त्यांत विरोध उरत नाही. साखर, गूळ, शरबत, रस, गोड चहा हे टाळावयाचेच आहेत. क्षयरोग्याला त्यांपासून बळ येते हा भ्रम आहे. पण ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, नाचणी, वरण, उसळ, मोड आलेली मटकी, शेंगदाणे, अंडी, दूध-ताक, चालत असेल तर मासे, हे सर्व पोटभर खावयाचे आहे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर तेवढे डॉक्टरांना विचारावे. झिजलेल्या माणसाची साखर पुऱ्या आहारावर आवरत नसेल, तर औषध वाढवावयाचे असते, ताटातील अन्न कमी करावयाचे नसते. झारखंड राज्यात क्षयरुग्णांना दरमहा शिधा देऊन केलेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन शेकडा ५ ने वाढले, त्यांचा मृत्यूचा धोका शेकडा ६१ ने कमी आढळला. चाळीस किलोच्या माणसाच्या बाबतीत हे पाच टक्के म्हणजे दोन किलो. वजनाचा काटा प्रत्येक उपकेंद्रात असतो.

क्षयरुग्णाच्या पोषणासाठी शासनाकडून निक्षय पोषण योजनेखाली २०१८ पासून दरमहा ५०० रुपये आणि नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये बँक खात्यात जमा होतात. २०२२ साली सुरू झालेल्या अभियानातून ‘निक्षय मित्र’ म्हणून व्यक्ती आणि संस्था शिध्याची टोपलीही देतात. ही टोपली भरणाऱ्यांचा हेतू उदात्त असतो, पण तीत कधी कधी साखर, गूळ, बिस्किटे आणि गोड भुकटी येते. रुग्णाला मधुमेह आहे की नाही हे विचारून, असल्यास त्या जागी डाळ, शेंगदाणे आणि अंडी ठेवली, तर खर्च तोच राहून टोपलीचा गुण बदलतो. हा निर्णय घेण्यास कोणत्याही शासकीय आदेशाची वाट पाहावी लागत नाही.

शासकीय यंत्रणेतील एक उणीव येथे स्पष्टपणे सांगितली पाहिजे. क्षयरोगाची नोंद एका कार्यक्रमात होते, मधुमेहाची दुसऱ्या. त्यांचे कर्मचारी, वह्या, औषधे देण्याचे दिवस वेगवेगळे असतात. क्षयरोगाच्या नोंदीत साखरेसाठी रकाना असतो आणि तो भरलाही जातो, पण साखर वाढलेली निघाल्यावर त्या माणसाला कोणत्या दिवशी कोणाकडे पाठविले आणि तो तेथे पोहोचला काय, हे त्या रकान्यावरून कळत नाही. रुग्णाला मंगळवारी एका खिडकीपाशी आणि शुक्रवारी दुसऱ्या खिडकीपाशी उभे राहावे लागले, तर रोजंदारीवरचा माणूस त्यांतली एक खिडकी सोडतो. तो कोणती सोडील? खोकला थांबलेला नसतो तोवर तो क्षयाचे औषध घेईल. साखर दुखत नाही, म्हणून तिची खिडकी सुटेल. दोन्ही औषधे एकाच दिवशी, एकाच ठिकाणी देण्याची व्यवस्था वैद्यकीय अधिकाऱ्याने मनावर घेतले तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर होऊ शकते.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत ही उणीव अधिकच जाणवते. दिवाळीच्या सुमारास गाव सोडावयाचे आणि गळीत हंगाम संपला की परतावयाचे, हा काळ क्षयाच्या उपचाराच्या काळाएवढाच असतो. निक्षय प्रणालीमुळे रुग्णाची क्षयाची नोंद दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग करता येते आणि गोळ्या तेथे मिळतात. त्याच्या मधुमेहाचा कागद मात्र गावाकडच्या पेटीत राहतो आणि फडावरच्या कोपीत कोणाला त्याची कल्पनाही नसते. टोळी निघण्यापूर्वी त्या कागदाची प्रत रुग्णाच्या हाती देणे आणि तो ज्या कारखान्याच्या परिसरात जाणार तेथील आरोग्य केंद्राला कळविणे, एवढे काम ग्रामपंचायतीला सहज जमण्यासारखे आहे.

ग्रामपंचायतींचा या विषयाशी आणखी एक प्रत्यक्ष संबंध आहे. २०२३ पासून क्षयमुक्त ग्रामपंचायत घोषित करण्याची योजना चालू झाली. तीत हजार लोकसंख्येमागे निदान तीस संशयितांची तपासणी, हजारी एकाहून अधिक रुग्ण नसणे, उपचारयशाचे प्रमाण शेकडा ८५ किंवा अधिक असणे इत्यादी निकष ठरवण्यात आले. लहान गावात वर्षाला चार-पाच रुग्ण असतात. त्यांतला एक दगावला की शेकडा ८५ चा निकष हुकतो. म्हणजे प्रमाणपत्र मिळणे न मिळणे हे कित्येकदा एका मधुमेही रुग्णावर अवलंबून असते. येथे एक मोहही उत्पन्न होतो. तपासणी सढळपणे केली नाही, तर रुग्णही कमी दिसतील आणि मृत्यूही कमी दिसतील. तो मोह टाळावयाचा, तर सभेत आकड्याऐवजी माणसांची चौकशी व्हावयास हवी. अमुक घरातील रुग्णाची साखर गेल्या महिन्यात किती होती, त्याचे वजन किती भरले, हे आरोग्य सेविकेला विचारता येते. मात्र ही चौकशी सरपंच, संबंधित सदस्य आणि आरोग्य कर्मचारी यांच्यातच राहावी. ग्रामसभेत नाव पुकारले तर ते घर पुन्हा कधी तपासणीला पुढे येणार नाही. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असलेल्या घरात एका आजाराचे नाव जड जाते. येथे तर दोन असतात.

शिक्षकांकडे अधिकार थोडा, पण गावात त्यांच्या शब्दाला वजन असते. पुष्कळ घरांत दवाखान्याची चिठ्ठी वाचून दाखवण्यासाठी आजही गुरुजींकडे किंवा बाईंकडे आणली जाते. ती वाचताना साखरेचा आकडा लिहिलेला आहे काय हे पाहावे आणि नसल्यास, तो तपासून घ्या, असे सांगावे. वर्गातील एखाद्या मुलाच्या घरी क्षयरुग्ण असेल, तर घरातील सर्वांची तपासणी झाली की नाही, याची चौकशी करावी. त्या घरात मधुमेह असलेली आजी किंवा आजोबा असतील, तर त्यांची तपासणी सर्वांत आधी व्हावयास हवी, कारण बाधा होण्याचा धोका त्यांना अधिक असतो.

याची दुसरी बाजूही आहे. मधुमेहाचे औषध नेण्यास दरमहा येणाऱ्या प्रत्येकाला चार गोष्टी विचारल्या पाहिजेत: दोन आठवड्यांहून अधिक खोकला आहे काय, ताप येतो काय, रात्री घाम येतो काय, वजन घटले काय. एकाचेही उत्तर होय असेल तर बेडक्याची तपासणी करावी. पुष्कळ मधुमेही खाजगी डॉक्टरांकडे जातात. तेथे निदान झालेल्या क्षयरुग्णाची नोंद शासनाकडे करणे २०१२ पासून बंधनकारक आहे. आणि ज्या ओसरीवर खोकणारे क्षयरुग्ण बसतात, तेथेच मधुमेह्यांना तासभर रांगेत बसवू नये. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि खोकणाऱ्याला आधी आत घ्यावे. एवढ्यासाठी नवी इमारत लागत नाही.

शेवटी उपचार संपण्याच्या वेळेविषयी. सहा महिने पूर्ण झाले की पेढे वाटले जातात आणि सर्वांचे लक्ष उडते. परंतु रिफॅम्पिसिन थांबल्यावर यकृतावरील त्याचा परिणाम दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. मधुमेहाची जी गोळी मध्यंतरी वाढवावी लागली होती, तीच आता अधिक होते आणि साखर एकाएकी फार खाली येऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो, कधी शुद्ध हरपते. शुद्धीवर असलेल्या रुग्णाला अशा वेळी लगेच साखरपाणी द्यावयाचे असते. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काही न घालता त्याला तातडीने दवाखान्यात न्यावयाचे असते. ज्या घरातून सहा महिने साखरेचा डबा हद्दपार केलेला असतो, त्या घरातही यासाठी तो हाताशी असावा लागतो. म्हणून क्षयाची शेवटची गोळी घेतल्याच्या आठवड्यातच मधुमेहाच्या डॉक्टरांची भेट ठरवावी आणि गोळीचे प्रमाण नव्याने ठरवून घ्यावे. बेडक्याची पाहणी त्यानंतर सहा, बारा, अठरा आणि चोवीस महिन्यांनी व्हावयाची असते. रोग उलटण्याचा धोका मधुमेह्यात अधिक असल्याने त्याच्या या चारही तारखा उपकेंद्राच्या वहीत, पेढे वाटले त्याच दिवशी, लिहून ठेवाव्यात.